इंटेल मागे पडूनही कमवत होती, एएमडी पुढे जाऊनही नफा कमीच, हे गणित नक्की काय आहे?

सिलिकॉनवेडा

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे आर्थिक बाजू समजणारे लोक आहेत म्हणून विचारतो.

इंटेल आणि एएमडी म्हणजे संगणकाचे प्रोसेसर विकणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. एएमडीचा डेस्कटॉपचा प्रोसेसर रायझन मार्च २०१७ ला आला, सर्व्हरसाठीचा एपिकही त्याच वर्षी. २०१९ ला त्यांचं पुढचं डिझाइन झेन २ आलं तेव्हा एएमडी टीएसएमसीच्या (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी तैवानी कंपनी) ७ नॅनोमीटर प्रोसेसवर होती (आकडा जेवढा लहान तेवढं तंत्र नवं) आणि इंटेल डेस्कटॉपमध्ये अजून १४ नॅनोमीटरवरच अडकलेली, म्हणजे किमान जास्त कोअरच्या (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणनाभाग) कामात तरी कोण पुढे यावर फारसा वाद उरला नव्हता. आता त्याच वर्षाचे आकडे बघा. २०१९ मध्ये इंटेलची विक्री ७२ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा २१ अब्ज, एएमडीची विक्री पावणेसात अब्जांच्या आसपास आणि नफा फक्त ३४ कोटी डॉलर. २०२० मध्येही तेच, इंटेल ७७.९ अब्ज विक्रीवर जवळपास २१ अब्ज कमावते.

मग अचानक २०२४ मध्ये इंटेलला १८.८ अब्जांचा तोटा. विक्री ५३ अब्ज, म्हणजे निम्मीसुद्धा झालेली नाही, तरी नफा २१ वरून थेट उणे १८.८ वर कसा जातो? आणि त्याच वर्षी एएमडीने काय कमावलं तर २५.८ अब्ज विक्रीवर १.६ अब्ज. एवढी सगळीकडे वाहवा, एवढा बाजार मिळवला, आणि हातात शंभरातले सहा रुपये धरा ना.

चांगली चिप बनवून पैसा मिळत नसेल तर मग या धंद्यात पैसा मिळतो कशाने? मला प्रोसेसरचं आर्किटेक्चर बऱ्यापैकी कळतं पण ताळेबंद वाचायला लागलो की गोंधळायला होतं. कुणी नीट समजावून सांगेल का, घाई नाही, लांब लिहिलं तरी चालेल.

---

जुनाहिशेब

चांगला प्रश्न आहे आणि याचं निम्मं उत्तर फॅबमध्ये आहे, म्हणजे कारखान्यात, प्रोसेसरमध्ये नाही.

इंटेल स्वतःच्या चिप स्वतः बनवते. २०२१ मध्ये त्यांनी ॲरिझोनात दोन नव्या फॅब जाहीर केल्या तेव्हा २० अब्ज डॉलरचा आकडा सांगितला होता, त्यावरून अंदाज घ्या. हा पैसा एकदम खर्चात दिसत नाही, मशिनरीचं आयुष्य जेवढं धरलंय तेवढ्या वर्षांत घसारा म्हणून वाटला जातो. इंटेल पूर्वी ४ वर्षं धरायची, २०२० पासून ५ केली आणि २०२३ पासून ८. म्हणजे चिप विकली जावो न जावो, दर तिमाहीला घसारा बसणारच. विमान अर्धं रिकामं उडालं तरी खर्च जवळपास तेवढाच, तसलं प्रकरण आहे हे.

आता तुम्ही म्हणताय तो २०१८ ते २०२० चा काळ बघा. इंटेलचा १४ नॅनोमीटर २०१४ पासून चालू होता. १० नॅनोमीटर वेळेवर आला नाही, २०१९ पर्यंत रखडला, आणि हे तांत्रिक अपयश होतंच, पण ताळेबंदावर त्याचा परिणाम उलटाच दिसला काही वर्षं. जुन्या मशिनरीचा बराचसा घसारा निघून गेलेला, प्रोसेस इतका मुरलेला की यील्ड (चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण) उत्तम, आणि क्लाउड कंपन्या सर्व्हर एवढे घेत होत्या की २०१८ मध्ये इंटेलला स्वतःलाच मागणी पुरवता येत नव्हती. फॅब पूर्ण भरलेली, मशीन जुनी, किंमत नव्या मालाची. असं असल्यावर ग्रॉस मार्जिन (विक्रीतून माल बनवायचा खर्च वजा जाता उरतं ते) ६० टक्क्यांच्या आसपास राहणारच. तो नफा चांगल्या चिपचा नव्हता, आधीच्या दहा वर्षांत जे पेरलं त्याचं पीक होतं ते.

आणि पडणं एवढं वेगवान का, तर तेच गणित उलट्या दिशेने. विक्री एक तृतीयांश घटली म्हणून खर्च एक तृतीयांश घटत नाही, स्थिर खर्च जागच्या जागी राहतो, त्यात २०२१ नंतर नव्या फॅब, एकामागून एक नवे प्रोसेस नोड (उत्पादनतंत्राच्या पिढ्या), चिपवर सूक्ष्म नक्षी छापणाऱ्या महागड्या ईयूव्ही मशीन हे सगळं एकाच वेळी चालू केलेलं. ग्रॉस मार्जिन २०२१ ला ५५ टक्के होतं, २०२२ ला ४२ च्या पुढे थोडं, २०२४ ला ३३ च्याही खाली.

एक मात्र लक्षात ठेवा, २०२४ चा १८.८ अब्जांचा तोटा म्हणजे तेवढी रोकड गेली असं नाही. त्यातला १६.६ अब्ज एकट्या तिसऱ्या तिमाहीतला आहे आणि त्यात मोठा भाग पुस्तकी आहे, भविष्यात करसवलत मिळेल म्हणून जी मालमत्ता दाखवली होती ती निर्लेखित केली, मशिनरीची किंमत कमी केली वगैरे. पण पुस्तकी आहे म्हणून दुर्लक्ष करण्यासारखंही नाही, कारण करसवलतीची मालमत्ता निर्लेखित करणं म्हणजे पुढच्या काही वर्षांत पुरेसा नफा होईलच याची खात्री आता देता येत नाही असं कंपनीने स्वतःच मान्य करणं.

---

वेफरताई

जुनाहिशेब यांनी इंटेलची बाजू मस्त मांडली, मी एएमडीची मांडते.

आधी तो १.६ अब्जांचा आकडा. तो खरा आहे पण त्यात झायलिंक्सच्या खरेदीचं ओझं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये एएमडीने झायलिंक्स ही चिप कंपनी घेतली, जवळपास ४९ अब्ज डॉलरला आणि तीही शेअर देऊन. अशा खरेदीत पेटंट, डिझाइन, ग्राहकसंबंध यांची किंमत पुस्तकात येते आणि मग ती वर्षानुवर्षं नफ्यातून वजा होत राहते, रोख खर्च काही नसतो. म्हणून एएमडी दोन प्रकारचे आकडे देते आणि ते सोडून धरलेला नफा बराच जास्त दिसतो. कंपन्यांचे असे गाळीव आकडे डोळे झाकून घेऊ नयेत या मताची मी आहे, पण या बाबतीत दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

दुसरं म्हणजे संशोधनाचा खर्च. २०२४ मध्ये एएमडीने आर अँड डीवर साधारण साडेसहा अब्ज घातले, म्हणजे विक्रीच्या चतुर्थांश. इंटेलने साडेसोळा अब्ज. फॅब नाही म्हणजे स्थिर खर्च नाही असं लोक समजतात, तसं नाहीये, नवा कोअर डिझाइन करायला, त्याची पडताळणी करायला, मास्क (चिप छापायचे साचे) बनवायला जो खर्च लागतो तो एक लाख नग विकले तरी तेवढाच आणि दहा कोटी विकले तरी तेवढाच. एएमडीला इंटेलच्या बरोबरीने डेस्कटॉप, लॅपटॉप, सर्व्हर सगळं करायचंय, वरून एन्व्हिडियाच्या विरोधात जीपीयू (ग्राफिक्स आणि एआयची चिप) पण करायचाय, आणि हे सगळं निम्म्या विक्रीवर. मार्जिन तिथेच जातं.

तिसरं, टीएसएमसी फुकट काम करत नाही :) त्यांचं २०२४ चं ग्रॉस मार्जिन ५६ टक्के आहे. म्हणजे एएमडी जी वेफर (सिलिकॉनची गोल चकती, जिच्यावर चिप बनतात) घेते तिच्या किमतीत टीएसएमसीचा भरघोस नफा आधीच बसलेला असतो. इंटेलचे फॅब भरलेले होते तेव्हा हा नफा तिच्याच घरात राहायचा.

आता ज्याबद्दल मला खरंच भरभरून बोलायचंय ते चिपलेट, म्हणजे एका मोठ्या चिपऐवजी छोटे तुकडे जोडून प्रोसेसर करणं. झेन २ मध्ये एएमडीने कोअरचा तुकडा केला साधारण ७४ चौरस मिलिमीटरचा, आणि इनपुट आउटपुटचा वेगळा तुकडा जुन्या स्वस्त प्रोसेसवर. त्याच काळात इंटेलचा सर्व्हरसाठीचा २८ कोअरवाला झिऑन म्हणजे जवळपास ७०० चौरस मिलिमीटरची एकच अखंड डाय (सिलिकॉनचा तुकडा). आता ३०० मिलिमीटरच्या वेफरवर ढोबळ हिशोब करून बघा. मोठ्या डाय बसतील पंचाहत्तरेक, छोट्या आठशेहून जास्त. समजा वेफरवर इकडेतिकडे ५० दोष पडले. मोठ्यांमधल्या ३० च्या आसपास बाद होतील, म्हणजे चाळीस टक्के. छोट्यांमधल्या पण चाळीस-पन्नासच बाद होतील, पण त्या आठशेतल्या, म्हणजे पाच-सहा टक्के. (मोठ्या डायमधला खराब कोअर बंद करून ती कमी कोअरची म्हणून विकता येते, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान एवढं नसतं, पण सगळ्यात महागडं मॉडेल दुर्मिळच राहतं.) शिवाय तोच तुकडा डेस्कटॉपला एक किंवा दोन आणि सर्व्हरला आठ, म्हणजे डिझाइन एकदाच करायचं आणि उत्तम निघालेले तुकडे निवडून सर्व्हरला द्यायचे. २०१४ नंतर अगदी मोजक्या पैशात एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांच्या टीमने हे केलंय, कंपनीचा शेअर २०१५ मध्ये दोन डॉलरच्या खाली होता तेव्हा यावर काम चालू होतं. माझ्या मते त्या दशकातला हा सगळ्यात हुशार आर्थिक निर्णय आहे आणि तो इंजिनियरांनी घेतलाय.

---

स्पष्टमत

वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही, की बाजार मोकळा कधी होता?

२००३ ला एएमडीने ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. ६४ बिटचं जे विस्तारित रूप आज सगळे एक्स८६ (इंटेल आणि एएमडी वापरतात ती सूचनांची पद्धत) प्रोसेसर वापरतात ते एएमडीचं आहे, इंटेलने इटेनियम या वेगळ्याच प्रोसेसरवर पैज लावली होती आणि नंतर एएमडीचाच मार्ग घ्यावा लागला. इंटेलचा पेंटियम ४ तापायचा, वीज खायचा. तरीही डेलसारख्या कंपनीने २००६ उजाडेपर्यंत एएमडी घातला नाही. का? तर इंटेल मोठ्या उत्पादकांना सवलती द्यायची, आणि त्या अशा की बहुतेक किंवा सगळी खरेदी आमच्याकडून केली तर मिळतील. समजा तुम्हाला २० टक्के मशीन एएमडीवर करायची आहेत, तर उरलेल्या ८० टक्क्यांवरची सवलत जाते. मग एएमडीने चिप फुकट दिली तरी उत्पादकाला परवडत नाही, हे गणित आहे.

एएमडीने २००५ ला खटला भरला, नोव्हेंबर २००९ ला इंटेलने १.२५ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. युरोपियन कमिशनने २००९ मध्येच १.०६ अब्ज युरो दंड लावला. पुढे काय झालं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, २०२२ ला युरोपियन कोर्टाने तो रद्द केला, सवलतींचा स्पर्धेवर नेमका काय परिणाम झाला ते कमिशनने पुरेसं सिद्ध केलं नाही म्हणून. पण एचपी, एसर, लेनोव्होला एएमडीची मशीन उशिरा आणायला किंवा मर्यादित ठेवायला पैसे दिले तो भाग टिकला आणि त्यासाठी २०२३ ला ३७.६ कोटी युरोचा दंड परत लावला.

माझा मुद्दा एवढाच की २००३ ते २००६ मध्ये एएमडीला जो पैसा मिळायला हवा होता तो मिळाला नाही, आणि तो मिळाला असता तर पुढच्या फॅब, पुढचे डिझाइन यात गेला असता. या धंद्यात आजचा नफा म्हणजे चार-पाच वर्षांनंतरची चिप. तो हिरावला की पुढची पिढी कमजोर येते आणि मग लोक म्हणतात बघा एएमडीला जमत नाही.

---

जुनाहिशेब

@स्पष्टमत, मुद्दा योग्य आहे पण सगळं तिथेच नका टाकू. त्या काळात एएमडीची स्वतःची उत्पादनक्षमता पण तोकडी होती, मोठे सगळे उत्पादक एका रात्रीत वळले असते तरी पुरवायला ड्रेस्डेनच्या फॅबमधून माल निघाला नसता. आणि २००६ ला एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी घेतली ५.४ अब्जांना, कर्ज काढून, नेमकं त्याच वर्षी इंटेलचा कोअर २ ड्युओ आला. हा घाव स्वतःच्या हाताने घातलेला होता. त्यानंतर २०११ चा बुलडोझर प्रोसेसर, तोही कुणी अडवल्यामुळे फसला नाही.

---

रात्रपाळी

मी फक्त वापरणारा माणूस, हिशोब मला कळत नाही, पण स्पर्धा नसली की काय होतं ते आठवतंय. जानेवारी २००७ ला इंटेलचा क्यू६६०० आला चार कोअरचा. जानेवारी २०१७ ला ७७००के आला, चारच कोअर. दहा वर्षं नेहमीच्या डेस्कटॉप प्लॅटफॉर्मवर चारच्या वर जायचंच नाही. मार्चमध्ये रायझन आठ कोअर घेऊन आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलचा सहा कोअरवाला ८७००के बाजारात. म्हणजे जमत होतं ना? मग द्यायचं नव्हतं एवढाच अर्थ. मला कोणाच्याही ताळेबंदाशी देणंघेणं नाही, दोघंही जिवंत राहू देत, एवढीच इच्छा आहे, कारण एकटा उरला की आपली परत तीच दहा वर्षं.

---

सिलिकॉनवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चिपलेटचं गणित तर मी कागदावर करून बघितलं, येतंय बरोबर.

अजून दोन शंका. एक, एएमडीचा नफा नेमका कुठल्या विभागातून येतो? म्हणजे डेस्कटॉपवाले आपण एवढा गाजावाजा करतो तर तिथूनच येत असेल ना? आणि दोन, वेफरताई म्हणतात टीएसएमसी एवढं मार्जिन घेते, तर एएमडीने परत स्वतःची फॅब काढावी का, आता तर पैसे आहेत.

---

वेफरताई

पहिल्याचं उत्तर, नाही, डेस्कटॉपमधून फारसा येत नाही. २०२४ मध्ये डेटा सेंटर विभागाची विक्री १२.६ अब्ज आणि परिचालन नफा (व्याज-कर धरायच्या आधीचा) साडेतीन अब्जांच्या आसपास. क्लायंट म्हणजे आपले डेस्कटॉप लॅपटॉप, तिथे विक्री ७ अब्जांच्या वर पण नफा एक अब्जही नाही. उलट झायलिंक्सचा एम्बेडेड विभाग विक्री फक्त ३.६ अब्ज पण नफा १.४ अब्ज. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या चिप गेमिंगमध्ये येतात, तिथे मार्जिन पातळ असतं, पण २०१३ मध्ये त्या दोन्ही कन्सोलचं काम मिळालं नसतं तर रायझन यायच्या आधीच एएमडी संपली असती असं मला वाटतं, त्यामुळे पातळ मार्जिनलाही नावं ठेवू नयेत.

सर्व्हरचा ग्राहक वीज, जागा, सॉफ्टवेअरचं लायसन्स हे सगळं मोजतो. एका चिपने दोन जुन्या मशीनचं काम केलं तर तो चिपला जास्त पैसे आनंदाने देतो. डेस्कटॉपवाला आधी किंमत बघतो. म्हणून दोघांचं खरं युद्ध सर्व्हरमध्ये चालू आहे, आणि २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत एएमडीच्या डेटा सेंटर विभागाची विक्री पहिल्यांदा इंटेलच्या त्या विभागाच्या पुढे गेली, साडेतीन अब्ज विरुद्ध ३.३. यात एएमडीचे एआय जीपीयू पण धरलेत, त्यामुळे निव्वळ सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) तुलना नाही ही.

---

तिसराडोळा

दोघांच्या भांडणात खरा पैसा तिसऱ्याकडे गेला हे पण बघा ना.

जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एन्व्हिडियाची विक्री १३०.५ अब्ज आणि निव्वळ नफा ७२.९ अब्ज. इंटेलने तिच्या सगळ्यात चांगल्या वर्षात कमावलं त्याच्या जवळपास साडेतीन पट. डेटा सेंटरचं बजेट तर मर्यादितच असतं, त्यातला मोठा घास एआय ॲक्सिलरेटरला (एआयसाठीच्या खास चिप) जायला लागला की सीपीयूच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आणि प्रोसेसरचे आराखडे करणारी आर्म बघा, तेव्हा स्वतः चिप विकत नव्हती, आराखडे आणि रॉयल्टी, मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात चारेक अब्जांची विक्री पण ग्रॉस मार्जिन ९५ टक्क्यांच्या वर.

त्याहून गंभीर म्हणजे ग्राहकच स्पर्धक झालेत. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःचा प्रोसेसर एम१ आणला आणि इंटेलला मॅकमधून बाहेर काढलं. ॲमेझॉनचा स्वतःचा सर्व्हर प्रोसेसर ग्रॅव्हिटन २०१८ पासून आहे. मोठी क्लाउड कंपनी आर्मवर स्वतःची चिप काढते आणि टीएसएमसीकडून बनवून घेते तेव्हा तिला प्रोसेसरवर नफा कमवायचाच नसतो, तिला फक्त इंटेल-एएमडीला द्यावा लागणारा नफा वाचवायचा असतो. अशा माणसाशी किमतीत स्पर्धा कशी करणार? एक्स८६ चे परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत, ती भिंत दोघांनी वर्षानुवर्षं जपली, पण लोक भिंतीला वळसा घालून गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल आणि एएमडी एक्स८६ साठी एकत्र सल्लागार गट काढतात, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कुणाला खरी वाटली नसती.

मोबाइलचं तर विचारूच नका. टॅब्लेटमध्ये शिरायला इंटेलने उत्पादकांना पैसे देऊन आपल्या चिप घालायला लावल्या, २०१४ मध्ये त्या विभागाचा तोटा ४.२ अब्ज डॉलर. म्हणजे नुसत्या पैशाच्या जोरावर बाजार विकत घेता येतोच असं नाही, जिथे आधीपासून जम बसलाय तिथेच सवलतींचं हत्यार चालतं.

---

जुनाहिशेब

फॅबचा प्रश्न राहिला होता, त्याचं सांगतो. माझं ठाम मत, एएमडीने त्या वाटेला जाऊ नये.

एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स म्हणायचे की खऱ्या मर्दाकडे फॅब असते. तेव्हा ते खरंही होतं. पण २००९ मध्ये अबू धाबीच्या पैशातून एएमडीच्या फॅबची ग्लोबलफाउंड्रीज ही वेगळी कंपनी झाली कारण एएमडीला पुढच्या नोडचा खर्च झेपतच नव्हता. आणि सुटका लगेच झाली नाही, करारानुसार ठरावीक वेफर तिथूनच घ्यायच्या, दुसरीकडे बनवायचं तर भरपाई द्यायची. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत अशाच एका सुटकेसाठी ७०.३ कोटी डॉलरचा बोजा बसला होता, त्या तिमाहीचा तोटा ५९ कोटींचा होता, म्हणजे तो बोजा नसता तर तिमाही नफ्यात असती. मग ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटर सोडून दिलं आणि एएमडी टीएसएमसीकडे वळायला मोकळी झाली. फॅब घरचीच असती तर झेन २ तिथेच अडकला असता, जसा इंटेलचा माल १० नॅनोमीटरपायी अडकला.

इंटेलची अवस्था बघा ना आज. फाउंड्री विभागाचा (चिप बनवणाऱ्या कारखान्यांचा) परिचालन तोटा २०२३ मध्ये ७ अब्ज, २०२४ मध्ये १३ अब्जांच्या पुढे. लूनर लेक हा लॅपटॉपचा प्रोसेसर तर इंटेलने टीएसएमसीकडून बनवून घेतला, म्हणजे घरच्या फॅबचा घसाराही सोसायचा आणि बाहेरच्याला मार्जिनही द्यायचं. लाभांश बंद झाला, कंपनीचे प्रमुख गेल्सिंगर गेले, मार्च २०२५ ला त्यांच्या जागी लिप-बू टॅन आले, ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने ८.९ अब्जांत जवळपास १० टक्के हिस्सा घेतला आणि सप्टेंबरमध्ये एन्व्हिडियाने ५ अब्ज गुंतवायचं जाहीर केलं. हे सगळे पैसे लागतात ते मुख्यतः कारखाने जगवायला, प्रोसेसर डिझाइन करणारा भाग अजूनही कमावतो.

@सिलिकॉनवेडा, यापुढे इंटेलचे तिमाही निकाल आले की एकूण नफ्याच्या आकड्याकडे आधी जाऊ नका. फाउंड्री विभागाचा तोटा मागच्या तिमाहीपेक्षा कमी झाला का ते बघा, आणि त्या विभागाच्या विक्रीत बाहेरच्या ग्राहकांचं किती आहे ते बघा, कारण आत्ता जवळजवळ सगळी विक्री इंटेलचीच इंटेलला आहे. बाहेरचा मोठा ग्राहक आला आणि फॅब भरायला लागली तर तेच २०१९ चं गणित परत सुलट्या दिशेने फिरू शकतं.